नवी डिझेल गाडी, दहा महिन्यांत सहा वेळा इंजिनचा दिवा. आता काय करावं?

सोयाबीन_तूर (चाकूर), ३ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही.

गेल्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४ ला, नवी डिझेल गाडी घेतली. रस्त्यावर येईपर्यंत १३ लाख ८० हजार लागले. निम्मं कर्ज, बाकी तुरीचे आणि आईनं मोडलेल्या ठेवीचे. कंपनीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कृपया कुणी अंदाजही करू नये. गाडी घ्यायचं कारण एकच होतं, वडिलांचं डायलिसिस. मंगळवार आणि शुक्रवार, लातूरला, सकाळी आठ वाजता बेड मिळतो. चाकूर ते लातूर साधारण पस्तीस किलोमीटर. चार तास बसून आलेल्या माणसाला एसटीच्या गर्दीत उभं करून आणणं आमच्याच्यानं होईना, म्हणून हा खर्च केला.

पहिला दिवा लागला जानेवारीत, ३,४०० किलोमीटरला. पिवळा इंजिनचा दिवा, गाडीचा दम एकदम कमी. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, भरलाय. कॉम्प्युटर लावून अर्धा तास जागेवरच रेस करून ठेवली, दिवा गेला. मग फेब्रुवारीच्या शेवटी परत. मग एप्रिल, मे, जुलै. दर वेळी तेच, कॉम्प्युटर, रेस, दिवा बंद, "आता काही होणार नाही साहेब". दोनदा इंजिन ऑईल बदललं, दर वेळी ५,६०० रुपये माझ्याकडून घेतले. म्हणे हे वॉरंटीत बसत नाही, तुम्ही गाडी गावातल्या गावात चालवता म्हणून होतंय.

परवा शुक्रवारी, १ तारखेला, सहाव्यांदा झालं. वडील मागं आडवे होते. आष्टामोडच्या अलीकडं चढाला दिवा लागला आणि गाडी चाळीसच्या पुढं जाईना. मागून ट्रक हॉर्न देतायत, वडील विचारतायत काय झालं रे. कडेला घेतली. लातूरकडं जाणारी एसटी हात करून थांबवली. वाहकानं पुढची सीट रिकामी करून दिली, स्वतः हाताला धरून वर घेतलं. पोचायला पाऊण तास उशीर झाला आणि मागचा पेशंट ठरलेला असल्यामुळं चारऐवजी तीनच तास मिळाले. त्या रात्री वडिलांना धाप लागली. मी उशाशी बसून होतो आणि डोक्यात एकच विचार होता की ही गाडी मी ह्यांच्यासाठी घेतली.

मला कळत नाही की दोष गाडीत आहे का माझ्या चालवण्यात. आणि दोष गाडीत असेल तर बदलून मागता येते का?

---

धाराशिवकर, ३ ऑगस्ट, रात्री १०.१५

दादा, आधी वडिलांना आराम पडो.

माझ्याकडं २०२१ ची डिझेल आहे. पहिल्या वर्षी मलाही हाच त्रास झाला. माझं घर ते शाळा तीन किलोमीटर, दिवसातून दोनदा, इंजिन गरमच होत नव्हतं. आता महिन्यातून दोनदा तुळजापूर रोडला नेतो, साठ-सत्तरच्या वेगानं अर्धा तास न थांबता चालवतो. तेव्हापासून दिवा लागलेला नाही. तुम्हीही करून बघा.

---

सोयाबीन_तूर, ३ ऑगस्ट, रात्री १०.३२

धन्यवाद सर. पण माझं तर आठवड्यातून दोन दिवस जाता-येता हायवेच आहे. नांदेड-लातूर रस्ता, चौथ्या-पाचव्या गिअरला सत्तरनं जातो. वडिलांना हादरे नकोत म्हणून त्याहून जोरात नाही.

---

पाना_१७ (नांदेड), ४ ऑगस्ट, सकाळी ७.०५

मी डिझेलचं काम बावीस वर्षं करतोय. वरची ओळ वाचली आणि थांबलो. आठवड्यातून चार वेळा पस्तीस किलोमीटर हायवे मिळतोय त्या गाडीचा डीपीएफ दर दीड हजार किलोमीटरला भरायलाच नको. धाराशिवकरांची गाडी वेगळी, तिथं इंजिनाला वेळच मिळत नव्हता. तुमच्याकडं वेळ मिळतोय, तरी भरतोय. याचा अर्थ जाळीपर्यंत येणारी काजळीच प्रमाणाबाहेर आहे. ती कुठून येते ते शोधायला पाहिजे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडं बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झालं, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत ही सिरॅमिकची जाळी आली. बारीक भोकांची, एका टोकाला बंद नळ्यांची. काजळी तिच्यात अडकते. ठरावीक भरली की इंजिनचा कॉम्प्युटर जास्तीचं डिझेल सोडून जाळीचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून राख करतो. याला रिजनरेशन म्हणतात, आम्ही गॅरेजमध्ये नुसतं "रिजन" म्हणतो. त्याला चालू गाडीत पंधरा-वीस मिनिटं लागतात. मधेच चावी बंद केली की काम अर्धवट राहतं, आणि ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑईलमध्ये उतरतं. ऑईल पातळ होतं, पातळी वाढते. पातळ ऑईलवर बेअरिंग आणि टर्बो (इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा) जातात. दिव्याची नाही एवढी मला त्या ऑईलची काळजी वाटते.

चूल नीट पेटली नाही की धुराडं काळं होतं. तुम्ही धुराडं सहा वेळा साफ केलं, चूल कुणी बघितली नाही.

दोन कामं करा. सकाळी गार इंजिन, सपाट जागा, डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) काढून पुसून परत घालून पातळी बघा आणि वास घ्या. आणि सहाही जॉब कार्डं (सर्व्हिस सेंटरचे कामाचे कागद) इथं टाका, गाडी नंबर आणि नाव झाकून. स्कॅनचा कागद जोडलेला असेल तर तोही.

---

बालाघाट (बीड), ४ ऑगस्ट, सकाळी ११.२०

भाऊ, माझ्या तीन गाड्या भाड्यानं चालतात. उगं एवढं डोकं कामून लावायलात? बीडला, नगरला पोरं आहेत, ती जाळी पोकळ करून कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून देतात. एक दिवसाचं काम. दिवाच राहत नाही.

---

पाना_१७, ४ ऑगस्ट, दुपारी १.१०

बालाघाट, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला यांना देऊ नका. एक तर ते बेकायदा आहे. दुसरं, वॉरंटी त्याच दिवशी संपली. तिसरं, काजळी जास्त का होतेय ते कारण तसंच राहतं, फक्त आता ती सरळ बाहेर पडते. मागच्या सीटवर आजारी माणूस आहे. माझ्याकडं अशी पोकळ केलेली गाडी आली तर मी हात लावत नाही.

---

गोदाकाठ (परभणी), ४ ऑगस्ट, दुपारी ३.४५

मी वकील आहे, ग्राहक आयोगासमोर काम करते. वरच्याला कायद्याची जोड देते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. आणि उद्या आयोगासमोर गेलात तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल की गाडीला बाहेरच्या कुणी हात लावला होता का. म्हणून काहीही खोलू नका, खोलू देऊ नका.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याचा सल्लाही लोक देतात. तेही करू नका. कॉम्प्युटरमधल्या नोंदी हा तुमचा पुरावा आहे.

गाडी कुणाच्या नावावर आहे आणि पावतीवर दुकान किंवा फर्मचं नाव आहे का, ते कळवा. बाकी सविस्तर रात्री लिहिते.

---

सोयाबीन_तूर, ५ ऑगस्ट, रात्री ८.५०

गाडी माझ्याच नावावर, घरगुती वापराची. फर्म वगैरे नाही.

आज लातूरला भाड्याच्या गाडीनं गेलो, अठराशे रुपये. वडील ठीक आहेत, तुम्ही सगळ्यांनी विचारलंत त्याबद्दल आभार.

पाना_१७ भाऊ, सकाळी तुम्ही सांगितलं तसं केलं. डिपस्टिकवर दोन खुणा आहेत, ऑईल वरच्या खुणेच्याही वर अर्धा बोट होतं. मी तर आजवर समजत होतो, ऑईल जास्त आहे म्हणजे चांगलंच आहे. वास घेतला, रॉकेलच्या दिव्यासारखा. एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला. मधे काळा ठिपका राहिला आणि त्याच्या भोवती पिवळट पाणेरी कडं पसरत गेलं. शेजारी ट्रॅक्टरच्या ऑईलचा थेंब टाकून बघितला, तो गोळा धरून बसला होता. हे ऑईल जुलैच्या पहिल्या आठवड्यात बदललेलं आहे. महिना झाला फक्त.

जॉब कार्डं टाकतोय. पाच कार्डांवर "डीपीएफ भरला, रिजन केले, गाडी ओके" एवढंच आहे. तिसऱ्याला, म्हणजे एप्रिलच्या, स्कॅनचा कागद जोडलेला आहे. त्यावर दोन कोड दिसतायत. पी-२४६३ आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात पी-०२९९, समोर "अधूनमधून" असं लिहिलंय. मला त्यातलं काही कळत नाही.

---

पाना_१७, ५ ऑगस्ट, रात्री ९.३०

सापडलं बघा. निदान वाट तरी सापडली.

पी-२४६३ म्हणजे जाळीत काजळी भरली. तो सगळ्यांनी वाचला. पी-०२९९ म्हणजे टर्बोचा दाब पाहिजे त्यापेक्षा कमी पडतोय. एप्रिलमध्येच गाडीनं स्वतः सांगितलं होतं की मला हवा कमी पडतेय, आणि ते कागदावर छापूनही आलं होतं. हवा कमी, डिझेल तेवढंच, मग अर्धं जळतं आणि धूर होतो. तो धूर जाळी अडवते म्हणून मागं दिसत नाही. जुन्या गाडीत हेच झालं असतं तर काळ्या धुरावरून रस्त्यावरच्या माणसानंही ओळखलं असतं.

आता हवा कुठं गळते. टर्बोकडून इंटरकूलरला (ती हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इंजिनला जाणारे जाड रबरी होज असतात. क्लॅम्प ढिला, होजला चीर, कुठं घासून भोक, हे नेहमीचं. टर्बोच्या हवेत ऑईलची थोडी वाफ असतेच. जिथून हवा गळते तिथं ती वाफ बाहेर येते आणि त्यावर धूळ बसून काळा चिखल होतो. आपल्याकडच्या धुळीत तर लगेच दिसतो.

गार इंजिन असताना टॉर्च घेऊन नुसतं बघा. काही ओढायचं नाही, पाना लावायचा नाही. उभ्या गाडीत रेस करून आवाज ऐकायचा प्रयत्न केलात तर काही येणार नाही, उभ्या गाडीत टर्बोला भारच नसतो. सर्व्हिस सेंटरला जागेवर उभी करून कधीच न सापडण्याचं कारणही तेच असावं. चढाला, चौथ्या गिअरला, खिडक्या उघड्या ठेवून एखाद्याला शेजारी बसवून ऐका.

आणि या ऑईलवर गाडी लांब नेऊ नका.

---

मोंढा_लातूर, ६ ऑगस्ट, सकाळी ९.००

एक सांगून ठेवतो, हे तुम्हाला पुढं "डिझेल भेसळीचं होतं" असंही म्हणतील. माझ्या भावाला म्हटले होते. ज्या पंपावर भरता तिथल्या पावत्या जपा, एकाच पंपावर भरा. पंपावर गिऱ्हाइकाला डिझेलची घनता मोजून मागता येते. हायड्रोमीटर आणि थर्मामीटर तिथंच असतं, लाजायचं नाही.

---

गोदाकाठ, ६ ऑगस्ट, रात्री ११.१०

उशीर झाला, आज परभणीला तीन तारखा होत्या.

तुमचा प्रश्न, गाडी बदलून मिळते का. खरं सांगते, क्वचित. आपल्याकडं सदोष गाड्यांसाठी वेगळा कायदा नाही, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हाच आधार. तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात दोष काढून देणं, वस्तू बदलून देणं, पैसे परत आणि नुकसानभरपाई, यातलं काहीही आयोग देऊ शकतो. पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका नव्या गाडीच्या क्लचचं प्रकरण आलं होतं. न्यायालयानं म्हटलं की वॉरंटीच्या अटीनुसार सदोष भाग बदलून देणं बंधनकारक आहे, त्यासाठी अख्खी गाडी बदलून द्यायची गरज नाही. त्रासाबद्दल भरपाई मात्र वेगळी दिली. तेव्हापासून कंपन्यांचे वकील हा निकाल खिशात घेऊनच येतात. अख्खी गाडी मागायची तर मूळ बनावटीतच दोष आहे आणि तो दुरुस्तीनं जात नाही, हे तज्ज्ञाच्या अहवालानं दाखवावं लागतं. कलम ३८ खाली आयोग तपासणीसाठी पाठवू शकतो, पण त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते.

तुमच्या बाजूनं काय आहे ते बघा. सहा जॉब कार्डं, एकाच तक्रारीची. त्यातल्या एकावर टर्बोच्या दाबाचा कोड, ज्याच्यावर कुणी काहीच केलं नाही. सेवेतली त्रुटी यापेक्षा स्पष्ट कशी असावी? शिवाय "तुम्ही गावात चालवता" हे त्यांचं म्हणणं दवाखान्याची कागदपत्रं आणि फास्टॅगच्या नोंदी खोटं पाडतात. आठवड्यातल्या त्याच दोन दिवशी तुम्ही हायवेवर होता, याचा शिक्क्यासह पुरावा आहे.

तक्रार लातूरच्याच जिल्हा आयोगात करता येते, जिथं तक्रारदार राहतो तिथं. शोरूम किंवा कंपनीचं मुख्यालय कुठंही असू दे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. दहा ते वीस लाखांच्या मालाला फी ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ऑनलाइन करायची तर १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे.

पण त्याआधी दोन पायऱ्या चढा. शोरूम आणि कंपनी दोघांनाही एकच पत्र, पोस्टानं, पोचपावतीसह. फोनवर बोललेलं हवेत जातं. आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक पत्रात टाका. पत्रात रागाचा एकही शब्द नको. तारीख, किलोमीटर, त्यांनी काय केलं, तुम्ही किती दिले, एवढंच. मसुदा करून इथं टाका, मी बघते.

आणि यापुढं गाडी देताना जॉब कार्डावर तुमचे शब्द लिहून घ्या. "दिवा लागतो" असं नाही. "चढाला दाब कमी पडतो, एप्रिलमध्ये पी-०२९९ आला होता, त्याचं कारण शोधा" असं. सही त्याच्या खालीच करायची.

---

रुई_कापूस (जालना), ७ ऑगस्ट, सकाळी ८.२५

ताईंचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा आहे. मला तर कळलंच नव्हतं की आपल्याच जिल्ह्यात दावा करता येतो. मी आजवर समजत होतो मुंबईला किंवा दिल्लीला जावं लागतं.

---

सोयाबीन_तूर, १० ऑगस्ट, दुपारी १२.३०

मिळालं!

आज रविवार, भाच्याला बोलावलं. तो पॉलिटेक्निकला आहे, हात लहान आहेत. बॉनेट उघडून इंटरकूलरकडून इंजिनकडं जाणारा होज शोधला. वरून बघितलं तर नव्यासारखा कोरा. भाच्यानं मोबाईल उलटा धरून खालून फोटो काढला तेव्हा दिसलं. खालच्या अंगाला तळहाताएवढ्या जागेत काळा चिकट थर, त्यात आपली माती बसलेली, आणि बाकी होज स्वच्छ. थर फडक्यानं हलकेच पुसला, खाली नखाएवढी चीर. बोटानं दाबलं की तिचे ओठ उघडतात, सोडलं की मिटतात. बरोबर त्याच जागी एका लोखंडी पट्टीचा कोपरा होजला टेकलेला आहे, आणि त्या कोपऱ्याचा रंग घासून चकचकीत झालाय. म्हणजे पहिल्या दिवसापासून टेकत असणार. मी काही खोललं नाही, पाना लावला नाही. व्हिडिओ केलाय, तारीख दिसते.

मग सावकाश आष्टामोडच्या चढापर्यंत नेली, जवळच आहे. खिडक्या खाली. चौथ्या गिअरला दाबली की भाचा म्हणतो, मामा ऐका. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा सूं असा आवाज, पाय काढला की बंद. दहा महिने मी खिडक्या बंद करून एसी लावून जात होतो, वडिलांना धूळ लागू नये म्हणून. कसा ऐकू येणार.

पाना_१७ भाऊ, तुम्ही नांदेडला बसून सांगितलंत. मला शब्द सुचत नाहीत.

---

पाना_१७, १० ऑगस्ट, दुपारी १२.५०

भाच्याला शाबासकी द्या.

उद्या जाल तेव्हा एवढं मागा: स्कॅनर लावून रोडटेस्ट, चढाला, आणि स्क्रीनवर "मागितलेला दाब" आणि "मिळालेला दाब" दोन्ही आकडे. तुम्ही शेजारी बसा. आधी ते दोन्ही आकडे वेगळे पडलेले दिसू देत, मगच होज बदला म्हणा. नुसता होज बदलून पट्टी तशीच ठेवली तर वर्षात परत हेच. पट्टी मागं घ्यायला किंवा मधे रबर घालायला सांगा. बदललेला जुना होज परत मागा. आणि ऑईल, फिल्टर त्यांच्या खर्चानं.

---

सोयाबीन_तूर, ११ ऑगस्ट, रात्री ९.१५

आज दिवसभर तिथंच होतो. सल्लागार आधी म्हणाला असं होऊच शकत नाही. व्हिडिओ दाखवला, एप्रिलचा कागद दाखवला, मग वरच्या माणसाला बोलावलं. तो माणूस चांगला निघाला, वाद घातला नाही. स्वतः गाडी घेऊन बार्शी रोडला गेला, मी शेजारी. दाबलं की एक आकडा वर जातो आणि दुसरा मागंच राहतो, मला अडाण्यालाही दिसत होतं. परत येऊन म्हणाला, "हे आमच्याकडून बघायचं राहिलं." बस्स, एवढं एक वाक्य मला जानेवारीपासून ऐकायचं होतं.

होज वॉरंटीत बदलला. पट्टीला रबराची खोळ घातली. ऑईलही त्यांनी बदललं, पैसे घेतले नाहीत. पण आधीचे ११,२०० परत द्यायला आणि जाळी-टर्बोबद्दल लेखी द्यायला नकार. म्हणे आता गाडी ठीक आहे ना.

---

गोदाकाठ, ११ ऑगस्ट, रात्री १०.००

"आता ठीक आहे ना" यावर थांबू नका. पातळ ऑईलवर गाडी किती महिने चालली ते कुणालाच माहीत नाही. टर्बोच्या बेअरिंगला त्याचा फटका वॉरंटी संपल्यावर दिसला तर खर्च कुणाचा? पत्रात आता तीनच गोष्टी मागा. ऑईलचे पैसे, जाळीची आजची स्थिती मोजून लेखी, आणि टर्बो व डीपीएफसाठी वाढीव वॉरंटी. १ ऑगस्टला एसटीनं, ५ ला भाड्यानं झालेला त्रास नमूद करा, पण त्याची किंमत आत्ता लावू नका. दावा करायची वेळ आली तर लावू.

---

सोयाबीन_तूर, १८ ऑगस्ट, दुपारी ४.००

ताई, तुम्ही दुरुस्त केलेलं पत्र आज दोन्हीकडं रजिस्टर पोस्टानं टाकलं. १९१५ ची तक्रारही नोंदवली.

---

सोयाबीन_तूर, १४ सप्टेंबर, रात्री ८.२०

परवा कंपनीच्या विभागीय माणसाचा फोन आला. दोन्ही वेळचे ऑईलचे पैसे द्यायला तयार आहेत. टर्बो आणि डीपीएफला पाच वर्षांपर्यंत वॉरंटी लेखी देतो म्हणाले. पण एका कागदावर सही मागतायत, "माझी सर्व तक्रार पूर्णपणे मिटली असून यापुढे कोणताही दावा करणार नाही." करू का?

---

गोदाकाठ, १४ सप्टेंबर, रात्री ८.४०

तशी नका करू. "होज गळतीच्या तक्रारीपुरता समेट, खालील वॉरंटी पत्राच्या अधीन" असं लिहून मागा आणि वॉरंटी पत्र हातात पडल्यावरच सही. ते ऐकतील, त्यांनाही हे प्रकरण आयोगात नकोच आहे.

---

सोयाबीन_तूर, ५ ऑक्टोबर, सकाळी १०.१०

उशिरा लिहितोय. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन उभं सडलं, तिकडंच अडकलो होतो. रानात अजून पाणी आहे. दोन मंगळवार वळसा घालून लातूर गाठलं, पण गाठलं.

वॉरंटी पत्र २५ तारखेला मिळालं, ताईंनी सांगितलेल्या शब्दांतच. ११,२०० खात्यात आले. जाळीची काजळी मोजून कागदावर दिली, मर्यादेत आहे. होज बदलल्यापासून दोन हजार किलोमीटर झालेत, दिवा लागला नाही. दर रविवारी सकाळी डिपस्टिक बघतो आणि वहीत लिहितो, ऑईल दोन खुणांच्या मधेच आहे. जुना होज बदलला त्याच दिवशी मागून घेतला होता, घरी कपाटात ठेवलाय.

दसऱ्याला गाडीला हार घातला तेव्हा वडील ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, त्या एसटीतल्या पोराला पण काहीतरी द्यायला पाहिजे होतं. शुक्रवारी त्याच वेळेला आष्टामोडला थांबलो, पण वाहक दुसरा होता. परत बघतो.

---

कयाधू (हिंगोली), ५ ऑक्टोबर, सकाळी ११.३५

पूर्ण धागा दोनदा वाचला. माझ्या भावजींच्या गाडीचं हुबेहूब असंच चाललंय, चौथी वेळ, आणि तेही रोज हिंगोली-नांदेड करतात. स्कॅनचा कागद त्यांना कधी दिलेलाच नाही. तो मागता येतो का?

---

पाना_१७, ५ ऑक्टोबर, दुपारी १२.०५

येतो, आणि मागाच. जुने कोड पुसायच्या आधी मागा, नंतर कोऱ्या स्क्रीनचा कागद मिळेल. तोवर भावजींना सांगा, उद्या सकाळी गार इंजिनवर डिपस्टिक बघा. फोटो इथंच टाका.